लंगोटाला लागलेल्या मुंग्या

"काय चारलंस हिला?"

अंबर्डेकर सरांनी लंगोट चिमट्यात धरून वर उचललं होतं. ओलं फडकं चिमट्याला लोंबत होतं आणि त्याच्या कडेनं लाल मुंग्यांची बारीक रांग चालली होती. आम्ही तिघं निवासी डॉक्टर, सिस्टर साळवी आणि आठ-दहा विद्यार्थी खाटेभोवती कोंडाळं करून उभे होतो. खाटेवर अकरा दिवसांची पोर, पोट फुगलेलं आणि हातापायांच्या काड्या झालेली. खाटेच्या पलीकडे तिची आई.

"काय बी न्हाई सायेब. अंगावरच पाजती मी."

"अंगावरच्या दुधाला मुंग्या लागतात?"

विद्यार्थी हसले. मीही हसले. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं मी जो संताप करणार आहे तो ऐकताना मी कुणी साध्वी होते असा तुमचा समज व्हायला नको.

ही त्र्याण्णव सालची गोष्ट. जिल्ह्याच्या गावी एका सरकारी मेडिकल कॉलेजात, लहान मुलांच्या वॉर्डात मी एम.डी.च्या दुसऱ्या वर्षाला होते. डॉक्टर शैला पाटोळे. ती आई होती कस्तुरा हाक्के, वय असेल एकोणीस-वीस, जत तालुक्यातल्या एका वाडीवरची. मूल जन्मल्यावर तिसऱ्या दिवशी जुलाब सुरू झाले होते. जुलाब म्हणजे नुसतं पाणी. पहिले दोन दिवस सगळ्यांना वाटत होतं की पोर लघवी करतेय.

सिस्टर साळवींनी तोवर कस्तुराच्या गाठोड्यातून एक सहाण बाहेर काढली होती. सोबत पुरचुंडीत हळकुंड, वेखंड, मुरडशेंग. बाळघुटीचं सगळं सामान. घुटी ही आमच्या वॉर्डाची जुनी वैरीण. न धुतलेल्या सहाणेवर कुठल्यातरी आजीनं उगाळायची, मधात नाहीतर गुळाच्या पाण्यात कालवून चाटवायची आणि चार दिवसांनी पोर आमच्याकडं आणून टाकायची. दहातल्या नऊ वेळा सरांचा संशय खरा निघायचा, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं.

"ही काय मग? देवपूजेला आणलीस?" सर म्हणाले.

"आत्तीनं बांधून दिलीया. मी उगाळली न्हाई. बघा की, कोरडीच हाय."

आत्ती म्हणजे तिची सासू, यल्लूबाई. दारापाशी उभी होती. कस्तुरा तिची सख्खी भाची, भावाची लेक. त्या भागात आत्याच्या मुलाला मुलगी देणं हा रिवाजच, त्यामुळे सासूला सुना आत्तीच म्हणतात. सगळ्यांनी यल्लूबाईकडं पाहिलं. तिनं पदर सावरला.

"उगाळली बी असंल. मी काय चोवीस तास हिच्यापाशी बसती व्हय?"

सहाण हिनंच दिली होती. पण ती सरळ अंग काढून मोकळी झाली, आणि कस्तुरानं फक्त तिच्याकडं एकदा बघितलं.

सरांनी लंगोट बादलीत टाकलं. "पाटोळे, आईला बाहेर काढ. बाळाला तोंडानं काहीही नाही, फक्त सलाइन. चोवीस तासांत जुलाब थांबतात की नाही बघ. आणि ही बाई आत आली तर जबाबदार तू."

मी तिला दंडाला धरून व्हरांड्यात नेलं. तेव्हा माझा पारा कशानंही चढायचा, आणि गरीब बायांवर तर फारच सहज. मी म्हणाले, "अगं, किती वेळा सांगायचं तुम्हाला? जीव घेशील एखाद्या दिवशी लेकराचा."

"एक घेतलाय म्हनत्यातच की वो बाई," ती म्हणाली.

मी त्याचा अर्थ विचारला नाही. मला पुढच्या खाटा होत्या.

दुसऱ्या दिवशी लंगोट कोरडं. पोरीचे डोळे उघडे, ओठ ओले, रडण्यात जोर. सर राउंडला आले आणि त्यांनी विद्यार्थ्यांकडं वळून दोन्ही हात पसरले. "आई गेली, जुलाब गेले! ह्याला म्हणतात निदान." सगळ्यांनी माना डोलावल्या. यल्लूबाई दारातून ऐकत होती. तिनं हे वाक्य संध्याकाळपर्यंत वॉर्डातल्या झाडून सगळ्या बायांना सांगितलं, आणि व्हरांड्यात कस्तुराशेजारी बसलेली एक बाळंतीण आपलं अंथरूण उचलून पलीकडं गेली.

मग पोरीला पाजायचं ठरलं. कस्तुरानं बाहेर बसून उकळलेल्या वाटीत दूध काढून द्यायचं आणि सिस्टरांनी चमच्यानं आत पाजायचं. दुपारी दोनला पाजलं. चारला लंगोट भिजलं, पाचला पुन्हा, सहाला पलंगाची गादी भिजली.

सर म्हणाले, "दूधच खराब असेल. स्तन धुते का ती? बंद करा." मग डब्यातली पावडर आली, दुधातली साखर काढून तिच्या जागी ग्लुकोज घातलेली, महागाची. तिनंही तेच झालं. मग सर म्हणाले, "आतडं थकलंय. दोन दिवस निव्वळ ग्लुकोजचं पाणी द्या. ग्लुकोज पचवायला काही लागतच नाही." तेही दिलं. पोर अक्षरशः वाहून चालली. अर्धा किलोनं वजन उतरलं. आणि लंगोटाला पुन्हा मुंग्या.

"खिडकीतून चारत असेल," सर म्हणाले.

"सर, खिडकीला डासांची जाळी आहे."

"मग जाळी बघा फाटलीय का."

मी जाळी पाहिली. त्या जाळीतून टाचणी गेली नसती. तरी राउंड संपायच्या आत वॉचमननं कस्तुराला व्हरांड्यातूनही उठवलं आणि दवाखान्याच्या फाटकाबाहेर नेऊन बसवलं. का? तर मूल बरं होत नव्हतं आणि कुणाचंतरी चुकलं असणारच होतं. आमचं चुकणं शक्य नव्हतं, आम्ही तर एवढे शिकलेले. तिला तिथून उठवण्याला मी आडकाठी केली नाही. मात्र त्या दिवशी पहिल्यांदा मला माझ्याच हसण्याची लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी एक काम केलं. ग्लुकोजचं नवं पाकीट स्वतः फोडलं, उकळलेल्या पाण्यात स्वतः कालवलं, आणि तीन तास खाटेपाशी स्टूल टाकून बसले. चमचा माझ्याच हातात होता. दुसऱ्या कुणी पोरीला बोटही लावलं नाही. साडेअकराला लंगोट भिजलं. ते पाणी मी परीक्षानळीत घेतलं, निळ्या बेनेडिक्टच्या द्रावणात थेंब टाकले आणि स्पिरिटच्या दिव्यावर धरलं. निळं हिरवं झालं, हिरव्याचं पिवळं, आणि बघता बघता विटेसारखं लाल. म्हणजे साखर. मी पाजलेली साखर जशीच्या तशी खालून बाहेर येत होती.

म्हणजे आईनं काही चारलं नव्हतं. चारलं होतं ते आम्ही, आणि तेच बाहेर पडत होतं.

मी फाटकाबाहेर गेले. कस्तुरा रसवंतीच्या मागच्या भिंतीला टेकून बसली होती. चोळी दुधानं भिजून वाळली होती आणि पुन्हा भिजली होती. मला बघून ती धडपडून उठली.

"गेली?"

"नाही, नाही. आहे. बस." मीही तिच्याशेजारी बसले. "तू त्या दिवशी म्हणालीस, एक घेतलाय. ते काय?"

"पयली लेक. दोन वरसं झाली. तिला बी असंच, तिसऱ्या दिवसापास्नं. तवा तर घुटी बी न्हवती न् सहाण बी न्हवती. हितंच आनली व्हती. ह्याच सायबांनी बघितली."

"मग तू काय केलंस?"

"काय न्हाई केलं ते इचारा. माझं दूध दिलं, वाहिलं. शेरडाचं दिलं, वाहिलं. साखरपानी दिलं, त्ये तर जास्तच वाहिलं. नुसतं उकळल्यालं पानी दिलं, तवा थांबलं. परत दूध दिलं, परत वाहिलं. पर नुसत्या पान्यावर लेकरू किती दिस काढंल?"

सात दिवसांत आम्ही चार डॉक्टरांनी जे केलं नव्हतं ते हिनं दोन वर्षांपूर्वी एका वाडीवर एकटीनं केलं होतं. एकेक वस्तू देऊन, थांबवून, पुन्हा देऊन.

"हे कुणाला सांगितलंस?"

"समद्यांस्नी. तुमच्या सायबांस्नी बी."

"ते काय म्हणाले?"

"म्हनले, लई शानी हाईस."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. कारण नुसतं हेच नव्हतं. ह्या आजाराचं चित्र मला पाठ होतं, आणि ते मला शिकवलं होतं खुद्द अंबर्डेकर सरांनी.

जुलाबावरचं त्यांचं व्याख्यान म्हणजे कॉलेजातली पर्वणी होती. दुसऱ्या विभागांतले लोकही येऊन मागं उभे राहायचे. सर रंगीत खडूंनी फळ्यावर आतड्याच्या अस्तरातली एक पेशी काढायचे. तिचं एक तोंड अन्नाकडं, त्यावर बारीक केसांचा ब्रश. उलटी बाजू रक्ताकडं. ही दोन तोंडं सारखी नसतात, ह्यावर सरांचा सगळा भर. अन्नाकडच्या तोंडावर एक प्रथिन बसलेलं असतं. ते म्हणजे एक दारच. ग्लुकोज आणि तिचं भावंड गॅलॅक्टोज ह्या दोन साखरा मिठातल्या सोडियमचं बोट धरून आल्या, तरच ते त्यांना आत घेतं. साखर-मिठाचं पाणी लाखो मुलं वाचवतं ते ह्याच दाराच्या जोरावर. फळांमधली साखर, फ्रुक्टोज, तिचं दार शेजारीच पण वेगळं. आणि मागं, रक्ताकडच्या बाजूला, तिसरं दार. तिथून तिन्ही साखरा रक्तात उतरतात. पुढचं दार मागं बसत नाही, मागचं पुढं बसत नाही. प्रत्येकाची जागा ठरलेली.

मग सर खडू खाली ठेवायचे आणि विचारायचे, "समजा, पुढचं पहिलंच दार जन्मतः जागेवर नसेल तर?" सरच उत्तर द्यायचे. "आईच्या दुधातली साखर फुटली की तिचं ग्लुकोज आणि गॅलॅक्टोजच होतं. दोन्ही त्याच दाराशी येऊन अडतील, पाणी ओढून घेतील आणि वाहून जातील. ते मूल आईच्या दुधानंच मरेल." आणि सर हसून म्हणायचे, "घाबरू नका. असं मूल तुम्हाला जन्मात दिसणार नाही."

त्यांना दोनदा दिसलं होतं. एकाच आईची दोन.

मी तडक त्यांच्या खोलीत गेले. सर चहा घेत होते. मी विटकरी नळी टेबलावर ठेवली आणि सगळं सांगितलं.

"पाटोळे," ते अगदी मायेनं म्हणाले, "पुस्तकातले आजार वॉर्डात शोधायचे नसतात. आपल्याकडं जुलाब म्हणजे घाण हात."

"सर, चमचा माझ्या हातात होता. माझे हात घाण होते?"

"तुझं कोण म्हणतंय?"

"आणि नवराबायको मामे-आत्येभावंडं आहेत. पहिली मुलगी अशीच गेली. ती बाई सांगते की नुसत्या पाण्यावर जुलाब थांबतात आणि साखरेनं..."

"ती बाई सांगते." त्यांनी कप बशीत ठेवला. "म्हणजे आता निदान ती करणार आणि आपण सह्या करायच्या?"

"मला फक्त फ्रुक्टोज देऊन बघू द्या. त्याचं दार वेगळं आहे. तुम्हीच शिकवलंय."

"कुठून आणणार? प्रयोगशाळेतलं? आणि बाळ दगावलं तर?"

"बाळ आत्ताही दगावतंच आहे, सर."

"माझ्या युनिटमध्ये असले उद्योग चालणार नाहीत," सर म्हणाले आणि वर्तमानपत्र उघडलं.

मी बाहेर आले आणि सरळ बायोकेमिस्ट्रीत गेले. तिथल्या नाईक मॅडम विद्यार्थ्यांच्या प्रात्यक्षिकाची तयारी करत होत्या. मी काय मागतेय आणि कशाला, ते त्यांना सांगितलं. त्यांनी कपाटातून फ्रुक्टोजची बाटली काढली, लेबलावरची तारीख पाहिली, तराजूवर मोजून दिलं, आणि एवढंच म्हणाल्या, "उकळून घे."

फाटकापाशी आले तर वॉचमन म्हणाला, बाईला आत सोडायची ऑर्डर नाही. मी म्हणाले, "ऑर्डर माझी आहे, नाव लिहून घ्या, पाटोळे." त्यानं खरंच लिहून घेतलं. कस्तुराला मी पोरीच्या खाटेपाशी बसवलं आणि केसपेपरच्या पाठीमागं ती पेशी काढली. सरांसारखी सुबक नाही, वेडीवाकडी. एक तोंड, ब्रश, दारं, रक्त. तिला सगळं सांगितलं.

तिनं चित्रातल्या पहिल्या दारावर बोट ठेवलं. "म्हंजी माझं दूध ह्या दाराशी येऊन थांबून ऱ्हातंय."

"हो."

"दुधात खोट न्हाई."

"नाही."

"आन् ही दुसरी साखर ह्या बाजूच्या दारानं जाईल?"

"जायला हवी. पण ऐक. ही औषधाच्या दुकानातली नाही, प्रयोगशाळेतली आहे. सरांची परवानगी नाही. मी कधी दिलेली नाही. चुकलं तर चुकलं. तू सांग, द्यायची का?"

गेल्या सात दिवसांत काय करायचं ते तिला कुणी विचारलं असेल तर ते हे. तिनं चमचा माझ्या हातातून घेतला. "मी देती. काय झालं तर माझ्या हातनं हुंदे. तसं बी लोक म्हनत्यातच."

एक वाजता पहिला चमचा. दोन वाजता लंगोट कोरडं. तीन वाजता भिजलं. पण ते पिवळसर होतं, वास लघवीचा होता. बेनेडिक्टच्या नळीत घातलं तर निळं निळंच राहिलं. चार वाजता पोर झोपली. कस्तुरा लंगोट सारखं हात लावून बघत होती आणि मला सांगत होती, "कोरडंच हाय. बाई, कोरडंच हाय."

साडेचारला सर आले. खाटेजवळ कस्तुरा दिसताच त्यांच्या कपाळावर आठी आली. मी काही बोलायच्या आत दोन्ही नळ्या त्यांच्यापुढं धरल्या, सकाळची लाल आणि दुपारची निळी. आणि कोरडं लंगोट. सरांनी नळ्या उजेडाकडं करून पाहिल्या. लंगोट पाहिलं. पोरीच्या पोटावर हात ठेवला. मग त्यांचा चेहरा असा काही उजळला की बस.

"क्लासिक!" ते म्हणाले. "अरे, काय क्लासिक केस आहे! बोलवा सगळ्यांना. फायनलच्या पोरांनाही बोलवा."

दहा मिनिटांत पन्नास जण जमले. सरांनी भिंतीवरच्या तक्त्याच्या पाठीवर पेशी काढली आणि आपलं ते गाजलेलं व्याख्यान दिलं. उत्तम दिलं, नेहमीसारखंच. नातेसंबंधातलं लग्न, पहिल्या अपत्याचा मृत्यू, साखर बंद केल्यावर थांबणारे जुलाब. "इतिहास नीट घेतला की निदान आईच सांगते," असंही म्हणाले. हे वाक्य त्यांनी कस्तुराकडं पाठ करून म्हटलं. मी पुढच्याच रांगेत होते. कस्तुरा त्या गर्दीत भिंतीला चिकटून उभी होती, आणि एका विद्यार्थ्यानं तिला वह्यांचा गठ्ठा धरायला दिला होता.

पुढचे तीन आठवडे पोरीचं खाणं आम्ही स्वतःच बनवलं. कोंबडीचं मांस शिजवून, वाटून, फडक्यातून गाळून, त्यात तेल, क्षार आणि फ्रुक्टोज. कस्तुरा दोन दिवसांत ते माझ्यापेक्षा चांगलं करू लागली. पोरीचे गाल वर आले. बिराप्पा, तिचा नवरा, रविवारी येऊन गेला आणि लेकीला बोट धरू देऊन दोन तास एका जागी बसून राहिला. सरांनी मुंबईच्या परिषदेसाठी निबंध पाठवला. त्यात माझं नाव तिसरं होतं. कस्तुराचं कुठंच नव्हतं.

घरी सोडायच्या दिवशी सकाळचा राउंड चालू होता. सर पाच खाटा पलीकडं विद्यार्थ्यांत उभे होते. मी डिस्चार्ज कार्ड लिहिलं, सही केली, आणि सिस्टर साळवींनी सवयीनं त्यावर धाडकन शिक्का मारून ते कस्तुराच्या हातात दिलं. जुलाबाच्या प्रत्येक मुलाच्या कार्डावर आमच्याकडं तो मारला जायचा. जांभळ्या शाईत एकच ओळ.

कस्तुरा सातवी शिकलेली होती. तिनं बोट ठेवून वाचलं. "मातेस स्वच्छतेबाबत समज देण्यात आली."

"तो सगळ्यांनाच मारतात," मी घाईघाईनं म्हणाले. "दे, खोडते मी."

तिनं कार्ड दिलं नाही. खाली बसून गाठोड्याची गाठ सोडली आणि प्लॅस्टिकच्या पिशवीतून दुसरं कार्ड काढलं. घडीवर फाटलेलं, दोन वर्षांपूर्वीचं. तिच्या पहिल्या मुलीचं. तोच शिक्का, खाली अंबर्डेकर सरांची सही. घरी सोडल्यावर चौथ्या दिवशी ती मुलगी गेली होती.

"ह्यो कागद आत्तीनं चावडीत न्हेला," कस्तुरा म्हणाली. "मास्तराकडनं वाचून घेतला समद्यांम्होरं. सरकारनंच लिवून दिलंय म्हनली, हिच्या घान हातानं लेकरू मेलं. दोन वरसं माझ्या हातचं पानी कोन पीत न्हाई."

यल्लूबाई भिंतीपाशी उभी होती. "कागदावर व्हतं तेच सांगितलं मी," ती पुटपुटली. आणि खरं सांगायचं तर ते खोटं नव्हतं.

मी ते जुनं कार्ड घेऊन सरांकडं गेले. त्यांनी एक नजर टाकली.

"अगं, रूटीन शिक्का आहे तो. त्याला काय अर्थ आहे?"

"तिच्या वाडीवर आहे, सर. तुम्ही स्वतः खोडून खाली दोन शब्द लिहा. तुमची सही आहे."

"जुनं रेकॉर्ड असं खोडता येत नाही. आणि बाळ बरं होऊन चाललंय ना? मग आता काय?" ते पुन्हा विद्यार्थ्यांकडं वळले.

मी परत आले. शिक्क्यावर आडवी रेघ मारली. तपासल्याशिवाय मेलेल्या मुलाबद्दल असं काही लिहिता येत नाही, हे मला माहीत होतं. तरी लिहिलं, सही केली, तारीख घातली आणि कार्ड कस्तुरापुढं धरलं.

"वाचा," ती म्हणाली.

"तुला येतं की वाचता."

"मला येतंय. आत्तीला येत न्हाई."

मी वाचू लागले. "ह्या बाळाला जन्मजात आजार होता. तो आम्हा डॉक्टरांना ओळखता आला नाही. आईचा..." पाच खाटा पलीकडं सर बोलत होते. महिन्याभरानं माझी परीक्षा होती आणि परीक्षक तेच होते. माझा आवाज माझ्या नकळत खाली गेला होता, इतका की यल्लूबाई कान पुढं करून ऐकत होती.

कस्तुरानं लेकीला खांद्यावर घेतलं.

"कुजबूज नगं बाई," ती म्हणाली. "मोठ्यानं वाचा."

मी पहिल्या ओळीपासून पुन्हा सुरुवात केली. तिसऱ्या ओळीला आले तेव्हा सरांचं शिकवणं थांबलं होतं आणि सगळा वॉर्ड माझ्याकडं बघत होता. "आईचा काहीही दोष नव्हता," मी वाचलं.

"परत एकदा," कस्तुरा म्हणाली.